१,०९,१५० रुपये आणि एक 'अनुदाण'

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे लाज एकदाची संपेल. १,०९,१५० रुपये. चार वेळा, माझ्या हाताने, माझ्याच मोबाइलवरून. ओटीपी कुणाला दिला नाही, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं नाही. 'तुमचं सरकारी अनुदान मंजूर झालंय' एवढ्यावर पाठवले.

आमचा मसाल्याचा धंदा. दोन डंख (मिरची कांडायची यंत्रं) आहेत. मार्च ते मे मिरची कांडायला दारात रांग लागते आणि अर्धी गिऱ्हाइकं कंटाळून परत जातात. पल्व्हरायझर (बारीक पूड करणारं यंत्र) आणि पाउच पॅकिंगचं मशीन घ्यायचं डोक्यात होतं. कोटेशन आलं ८ लाखांचं. पीएमएफएमई, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, यात ३५ टक्के अनुदान मिळतं, जास्तीत जास्त १० लाख, आपला वाटा किमान १० टक्के. म्हणजे मला २,८०,००० बसत होते. योजना खरी आहे, २०२० मध्ये सुरू झालेली, माझ्या ओळखीतल्या दोघींना मिळालीय. योजनाच खोटी असती तर मी फिरकले नसते.

एका मेळाव्यात मी चौकशीचा फॉर्म भरला होता: नाव, मोबाइल, उद्यम नंबर (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा), धंदा कसला, मशीन कोणतं. आठवडाभरात फोन. "ताई, जिल्हा संसाधन व्यक्ती बोलतोय. पल्व्हरायझरचं प्रपोजल तुमचंच ना?" आता सांगा, पल्व्हरायझर हा शब्द त्याला कुणी सांगितला? फॉर्म कुठून फुटला ते मला सिद्ध करता येत नाही, पण शंका घ्यायचा हक्क आहे. त्याआधी बँकेत तीनदा जाऊन आले होते, तिन्ही वेळा 'मार्चनंतर बघू'. इकडे हा माणूस स्वतःहून फोन करतोय, ताई ताई करतोय, संध्याकाळी सातला पण उचलतोय. तुम्ही काय केलं असतं?

फाइल चार्ज २,९५०. दिले. प्रकल्प अहवालाचे ११,८००. दिले, कारण दोन्हीत १८ टक्के जीएसटी चोख लावलेला होता आणि पावती पण आली. (जिल्हा संसाधन व्यक्ती खरंच असते, अर्ज आणि अहवाल करून देते, आणि तिचं मानधन सरकार देतं. अर्जदाराने एक रुपया द्यायचा नसतो. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता.)

मग २८ तारखेला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. मंजुरीपत्र. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, हिरव्या शाईची सही. आणि तारीख २६ जानेवारी २०२५.

२६ जानेवारी. प्रजासत्ताक दिन, वर त्या वर्षी रविवार. त्या सकाळी मी लेकीच्या शाळेत झेंडावंदनाला उभी होते, हातात बुंदीची पुडी होती, आणि तिकडे म्हणे कुणी साहेब माझी फाइल मंजूर करत होते! तारीख मी वाचली. मोठ्याने वाचली, आमच्या ह्यांना वाचून दाखवली. वर दुसऱ्या ओळीत 'अनुदाण' लिहिलं होतं, ण बाणातला. आम्ही दोघं हसलोसुद्धा, 'सरकारी टायपिस्ट, दुसरं काय' म्हणून. तो हसण्याचा क्षण मला अजून रात्री आठवतो.

पत्रात लिहिलं होतं की स्वतःचा १० टक्के वाटा, ८०,००० रुपये, 'योजना खात्यात' भरायचा. यूपीआयला नंबर टाकला तर नाव आलं एका मोबाइल दुकानाचं. अंगठा थांबला. लगेच फोन केला. "ताई, ऑडिट चालू आहे ना, म्हणून एजन्सीच्या खात्यात घेतोय." ऑडिट! या शब्दापुढे आपण सगळे गप्प बसतो. २९ तारखेला पाठवले. त्यातले ५०,००० बचत गटातून उचललेले, ३०,००० मुदत ठेव मोडून. ३१ तारखेला त्या ८०,००० वर जीएसटी म्हणून आणखी १४,४०० गेले. स्वतःच्या वाट्यावर जीएसटी कुठे असतो हो? ३ फेब्रुवारीला २,८०,००० वर २ टक्के टीडीएसचे ५,६०० मागितले तेव्हा कुठे माझं डोकं चाललं.

अनुदान कधीच हातात येत नाही. आधी बँक कर्ज मंजूर करते, अनुदान बँकेकडे येतं, तीन वर्षं तुमच्या कर्जाच्या नावाने तिथेच पडून राहतं. हप्ते नीट गेले आणि युनिट चालू असलं तर मग कर्जातून वजा होतं. माझं कर्ज कुठल्या बँकेने मंजूर केलं होतं? कुठल्याच नाही. कोणी बघायलासुद्धा आलं नव्हतं. आणि आपला वाटा आपल्याच बँकेत, आपल्याच कर्जाच्या प्रकरणात भरायचा असतो. पीएमईजीपीच्या, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या, नावाने फोन आला आणि तुमचा धंदा आधीच चालू असेल तर तिथेच सावध व्हा, ती योजना मुळात नव्या उद्योगांसाठी आहे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला ४ फेब्रुवारीला. पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी 'सिस्टिम डाऊन आहे, उद्या येतील' या त्याच्या भरवशावर दिवस घालवले.

पण पुढचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले, तर म्हणाले सायबरला जा. सायबरला गेले, तर साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी भेटले तर पहिला प्रश्न, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता?" बँकेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार?" ज्या बँकेला माझ्या ८ लाखांच्या अर्जाकडे बघायला तीन महिन्यांत वेळ नव्हता, तिने हे मात्र दोन मिनिटांत सांगितलं. योजनेच्या ऑफिसात पत्र दाखवलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, म्हणाले, "हे आमचं नाही." अहो, तुमचं नाही हे मला कळलंय, म्हणून तर आलेय! दारावर एक कागद चिकटवा, 'आम्ही फोनवर पैसे मागत नाही', असं म्हटलं. "वरून आदेश लागेल." परवा गेले होते, दारावर दिनदर्शिका होती. मागच्या वर्षीची.

समोरच्या खात्यात ४,३१२ रुपये गोठवले गेलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टात अर्ज करा असं सांगितलं. वकिलाने फी ५,००० सांगितली.

कोणाचं असंच चालू असेल तर चॅट पुसू नका. तो स्वतःचे मेसेज पुसून टाकतो, माझे निम्मे असेच गेले, तेव्हा स्क्रीनशॉट आजच काढा आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक त्या व्यवहाराला देते तो क्रमांक) कागदावर लिहून ठेवा. साइटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा, मध्ये कुठेतरी 'गव्ह' असून भागत नाही. उद्यम नोंदणी फुकट असते, तिचे पैसे घेणारेही पुष्कळ आहेत.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. मशीन कधी येणार विचारतात, मी 'कंपनीकडून उशीर' म्हणते. गटाचा हप्ता दर महिन्याच्या १० तारखेला जातो.

त्याने मला ब्लॉक केलंय, पण ह्यांच्या फोनवर त्याचा नंबर दिसतो. डीपीला अजून तेच तीन सिंह. गेल्या सोमवारी स्टेटस टाकलं होतं, 'नवीन अर्ज सुरू, मर्यादित जागा'. त्याचा स्क्रीनशॉट सायबरला नेऊन दिला. त्यांनी तो फाइलला लावून घेतला.