टॉमकॅट १०: सर्व्हर चांगला, पण जुनं ॲप आणताना ४०४ चा ससेमिरा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं स्टॉक-ऑर्डरचं जावा ॲप टॉमकॅट ८ वरून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) मधल्या टॉमकॅट १० वर हलवायचं असेल, तर हे आधी वाचा. टॉमकॅट म्हणजे जावा ॲप चालवणारा वेब सर्व्हर; मोफत आहे, हलका आहे. टॉमकॅट ८.५ ची देखभाल ३१ मार्च २०२४ ला संपली, त्यामुळे जुन्यावर बसून राहणं धोक्याचंच. पण अपग्रेडनंतर ‘पाथ सापडत नाही’ म्हणून जी रड असते, तिचं मूळ पुष्कळदा पाथमध्ये नसतंच, आणि टॉमकॅट ते सांगत नाही. आमच्या मते ही त्याची सगळ्यात मोठी उणीव.

लक्षण असं: साधी एचटीएमएल पानं उघडतात, लोगो येतो, ‘स्टॉक’ दाबलं की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेटची (विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा कोडची) पॅकेजेस ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ या नावाखाली गेली. कोडमधलं जुनं ॲनोटेशन (हा कोड कोणत्या पत्त्यावर चालवायचा ते सांगणारी खूण) त्याला ओळखूच येत नाही, तो मुकाट्याने पुढे जातो आणि लॉगमध्ये अक्षरही पडत नाही. हे पत्त्याचं मॅपिंग ‘वेब-एक्सएमएल’ या ॲपच्या सेटिंग फाइलमध्ये असेल तर निदान ५०० (सर्व्हरमधली चूक) येतो आणि बिघाडाचं कारण हाती लागतं.

उपाय सोपा आहे. ॲप ठेवायच्या ‘वेबॲप्स’ फोल्डरच्या शेजारी ‘वेबॲप्स-जावाईई’ फोल्डर करून जुनी वॉर (ॲपची एकत्र बांधलेली फाइल) त्यात टाका. टॉमकॅट ती बदलून ‘वेबॲप्स’मध्ये ठेवतो. त्याहून बरं म्हणजे टॉमकॅटच्या मायग्रेशन टूलने एकदाच नवी वॉर काढून तीच जपून ठेवा. मात्र सोर्समध्ये ‘जावाएक्स’ सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका. ‘जावाएक्स.एसक्यूएल’ आणि ‘जावाएक्स.नेमिंग’ हे जावाचेच भाग आहेत, ते बदलले की डेटाबेसच तुटतो.

दुसरी अडचण ४०० ची, म्हणजे ‘विनंती चुकीची’ या एररची. ३०×६० टॉवेलच्या शोधात लिंकमध्ये ‘साइज[]=३०’ असा चौकोनी कंस असेल, तर नवा टॉमकॅट ती विनंती दारातच परत पाठवतो. ‘सर्व्हर-एक्सएमएल’ या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलमधल्या कनेक्टरला (विनंत्या घेणाऱ्या भागाला) ‘रिलॅक्स्डक्वेरीकॅर्स’मध्ये हे दोन कंस दिले की चालतं. तरी लिंक तयार करतानाच कंस एन्कोड करणं (त्यांच्या जागी टक्क्याच्या चिन्हाचे संकेत लिहिणं) जास्त सुरक्षित.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते फोटो अपलोड. चादरीच्या डिझाइनचे फोटो ‘/एसआरव्ही/फोटो’मध्ये जात असतील तर ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असा एरर येतो. मग लोक फोल्डरला ७७७ परवानगी (सगळ्यांना सगळं करू देणारी) देत बसतात. त्याने काही होत नाही, कारण अडवणूक सिस्टिमडीची (डेबियनवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) आहे: डेबियनच्या पॅकेजमध्ये टॉमकॅटला ठरावीक फोल्डरांतच लिहू देतात. ‘सिस्टिमसीटीएल एडिट टॉमकॅट१०’ उघडा, ‘सर्व्हिस’ विभागात ‘रीडराइटपाथ्स’ला तो फोल्डर द्या, फोल्डरची मालकी टॉमकॅट युजरकडे ठेवा आणि रीस्टार्ट करा. डेबियनने हे कुलूप घातलं ते योग्यच केलं.

वॉरच्या नावाकडेही लक्ष असू द्या. ‘स्टॉक’ची वॉर ‘स्टॉक-नवीन’ नावाने टाकली की पत्ताही ‘/स्टॉक-नवीन’ होतो आणि दुकानदारांनी सेव्ह केलेल्या लिंका मेल्या. थेट मुख्य पत्त्यावर हवं असेल तर नाव ‘रूट’, इंग्रजी मोठ्या अक्षरांत.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू असताना हे काम काढू नका. जुना टॉमकॅट वेगळ्या पोर्टवर आठवडाभर तरी चालू ठेवा.