पहिलं हँडगन घेताना: एअर पिस्तूल, .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांचं नागपूरच्या हिशेबाने परीक्षण

नेमबाजीचा सरावही होईल आणि घराच्या संरक्षणालाही राहील असं एकच हत्यार दाखवा, असं दुकानदाराला सांगून पहिली खरेदी करायला निघू नका. असं हत्यार आपल्याकडच्या बाजारात नाही. नेमबाजीला लांब साइट रेडियस (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर), हलका ट्रिगर आणि हजारो पेलेट (शिशाचे छर्रे) लागतात. संरक्षणाच्या हत्याराचा ट्रिगर मुद्दाम जड असतो, नळी आखूड असते आणि काडतुसं परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच मिळतात. दोन्ही गरजा एकात बसवायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ४.५ मिमीचं १० मीटर एअर पिस्तूल, परवाना आल्यावर .३२ (नळीच्या व्यासाचं इंचातलं माप) रिव्हॉल्व्हर. .३२ पिस्तुलाचा विचार त्याच्या नंतर.

कागदपत्रांचं थोडक्यात. परवान्याचा अर्ज शहरात राहत असाल तर पोलिस आयुक्तांकडे आणि काटोल, रामटेक, उमरेडकडचे असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, नमुना ए-१ मध्ये. वय २१ पूर्ण हवं. हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना एस-१, लागतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून सामान्य परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. ९ मिमी बोअरचं हत्यार सामान्य नागरिकाला मिळत नाही, त्यामुळे संरक्षणासाठी .३२ हाच व्यवहार्य पर्याय उरतो. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे म्हणून तिथे चौकशीला जाऊ नका. ती तोफगोळे आणि रॉकेटच्या कामाची आहे, रिव्हॉल्व्हर कानपूरहून येतात.

१० मीटर एअर पिस्तूल: पहिली खरेदी हीच

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचा बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल अर्ध्या ग्रॅमची पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सोडतं, म्हणजे जेमतेम ६ जूल. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही. ६ जूल डोळा घालवायला पुरेसे आहेत. शिवाय लांबून पाहणाऱ्याला ते खरं पिस्तूलच वाटतं, त्यामुळे सीताबर्डीच्या गर्दीतून नेतानाही ते कडक पेटीत बंद आणि बिल सोबत, असंच न्यावं.

बाजारात तीन जाती दिसतात आणि नवखा माणूस इथेच चुकतो. पहिली स्प्रिंगची, नळी मोडून कॉक करायची. स्वस्त असते, पण चाप ओढल्यावर आतला पिस्टन पुढे धावतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आतच पिस्तूल हलतं. चूक हाताची की यंत्राची ते कधीच कळत नाही. पेलेट न घालता चालवली तर पिस्टन थेट धातूवर आपटून सील जातं. दुसरी सीओटूची (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी), लोखंडी बीबी म्हणजे गोल छर्रे मारणारी. तिच्यातली बीबी कठीण पृष्ठभागावरून उलट येते आणि नागपूरच्या मे महिन्यात सिलिंडरचा दाब एवढा चढतो की व्हॉल्व्ह उघडायलाच नकार देतो. या दोन्ही नेमबाजीसाठी घेऊ नयेत.

तिसरी जात दाबलेल्या हवेची, २०० बारच्या सिलिंडरवर चालणारी, एका वेळी एकच पेलेट घेणारी. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ यांची स्पर्धेची मॉडेल याच जातीची. पैसे जास्त जातात, पण वापरलेलं चांगलं पिस्तूल नव्या स्प्रिंगच्या पिस्तुलापेक्षा कितीतरी बरं. वापरलेलं घेताना आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. सिलिंडरचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. मग सिलिंडर भरून गेजवरचा आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी आकडा उतरलेला दिसला तर ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे.

ग्रिपवर जेवढा वेळ घालवाल तेवढा थोडा. छोटी, मध्यम, मोठी अशा मापांत ती मिळते आणि डावखुऱ्यांची वेगळी मागवावी लागते. तपासायची रीत सोपी आहे. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून सुरक्षित दिशेला उभे राहा, डोळे मिटून हात वर करा, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली तर ग्रिप तुमची. दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर ग्रिपचा कोन बदला किंवा लाकूड घासून घ्या. मनगट वळवून जुळवायची सवय लावली, तर चाळिसाव्या शॉटनंतर मनगट दमतं आणि गोळ्या त्याच बाजूला जायला लागतात.

ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा, हा आंतरराष्ट्रीय नियम. नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं पाहिजे. काठावर ठेवू नका, ५१० ते ५२० वर ठेवा, कारण तपासणीच्या टेबलावर दहा ग्रॅमसाठी नापास होणं फार जिव्हारी लागतं. पिस्तुलाचं वजन कमाल १,५०० ग्रॅम चालतं, पण नवख्याने त्याच्या बरंच खाली राहावं. एका हाताने ६० शॉट मारायचे असतात.

साइट रेडियसचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. पुढची साइट १ मिमी चुकली आणि दोन साइटमधलं अंतर ३२० मिमी असेल, तर १० मीटरवर चूक साधारण ३१ मिमी होते. तेच अंतर आखूड रिव्हॉल्व्हरसारखं १०० मिमी असेल तर १०० मिमी, म्हणजे जवळपास अर्धी वीत. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं असतं. संरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरवर नेमबाजी का शिकता येत नाही, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

पेलेट ४.४९ आणि ४.५० अशा डोक्याच्या मापांत येतात. दोन्ही थोड्या घ्या, पिस्तूल टेकवून प्रत्येकीचे पाच-पाच शॉट मारा. छिद्रं एकमेकांत मिसळून एकच भोक दिसेल ती पेलेट तुमच्या नळीची. त्याच मापाचे ५०० चे डबे मग एकदम घ्या.

हवा भरणं हा नागपुरातला खरा प्रश्न. किनाऱ्यावर डायव्हिंगवाल्यांकडून सिलिंडर भरून मिळतो, तशी सोय इथे सहज नाही, म्हणून रेंजवर भरायची व्यवस्था आहे का ते विचारूनच पिस्तूल घ्या. हातपंप घेणार असाल तर ओलावा शोषणारा फिल्टर असलेलाच घ्या. पावसाळ्यात बिनफिल्टरचा पंप सिलिंडरमध्ये पाणी भरतो आणि व्हॉल्व्हची सीट गंजते. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होतो. हवेच्या मार्गात साधं मशीन ऑइलही चालत नाही, ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस. आणि भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

चांगल्यातलं चांगलं यंत्रही मोडतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली पात्रता फेरी सुरू असताना नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर मोडला आणि हातचा वेळ गेला. पॅरिसमध्ये २०२४ मध्ये तिनेच १० मीटर एअर पिस्तुलात कांस्य घेतलं. विक्रेता सुटे भाग देतो का, किती दिवसांत देतो, हा प्रश्न म्हणून किमतीइतकाच महत्त्वाचा.

घरी सरावाला १० मीटर आणि टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटर लागतं. फ्लॅटमध्ये हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतही तेवढी जागा निघत नाही. ५ मीटरवर निम्म्या मापाचं टार्गेट लावा, मागे तिरक्या पत्र्याचा पेलेट ट्रॅप ठेवा आणि मधलं दार कडी लावून बंद करा. उघड्या गच्चीवर नको.

.३२ रिव्हॉल्व्हर: निर्भीक की प्रबल

परवाना मिळाल्यावर समोर मुख्यतः कानपूरची रिव्हॉल्व्हर येतात. निर्भीक २०१४ मध्ये आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम, सहा काडतुसांचं. तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. पर्समध्ये मावतं, हाताला हलकं लागतं, आणि हाच त्याचा दोषही आहे. साधारण ६ ग्रॅमच्या शिशाच्या गोळीचा धक्का एवढं हलकं हत्यार अंगावर घेत नाही, तो तळहातात येतो. नवखा माणूस दुसऱ्या गोळीच्या आधीच मनगट आवळतो आणि गोळी खाली जाते.

प्रबल ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, आणि सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) बाजूला उघडणारा. आधीच्या देशी .३२ मध्ये नळी पुढे मोडून काडतुसं भरावी लागत. ५० मीटरची मारक क्षमता बनवणारी कंपनी सांगते. घराच्या खोलीत त्या आकड्याला अर्थ नाही. दोनशे ग्रॅम जास्त वजन आणि बाजूने उघडणारं सिलिंडर मात्र रोजच्या हाताळणीत जाणवतं. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची खिट्टी कालांतराने झिजते आणि नळी मागच्या भागाशी डगडगायला लागते. पहिलं रिव्हॉल्व्हर म्हणून आमचा कौल प्रबलला. हात लहान असेल आणि चापापर्यंत बोट नीट पोहोचत नसेल तरच निर्भीक.

.२२ चं निदार फक्त २५० ग्रॅमचं आहे. एवढी आखूड नळी नेमबाजीच्या कामाची नाही, आणि संरक्षणासाठी .२२ चा भरवसा आम्ही देणार नाही. कारण .२२ मध्ये ठिणगीचं रसायन काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेलं असतं, आणि ते कडेवर सगळीकडे सारखं पसरलं नसेल तर चाप ओढूनही गोळी सुटत नाही.

काउंटरवर तपासताना घाई करू नका. आधी सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी आहेत ते डोळ्यांनी पाहा आणि बोट फिरवून खात्री करा. मग दुकानदाराला विचारून घोडा (काडतुसावर ठोका देणारा मागचा भाग) अगदी हळू मागे ओढा. घोडा पूर्ण मागे जाण्याआधीच सिलिंडर खट्कन अडकला पाहिजे, आणि हे सहाही घरांसाठी वेगवेगळं पाहायचं. एखाद्या घराला उशीर होत असेल तर घर आणि नळी सरळ रेषेत येत नाहीत आणि शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१ ते ०.२ मिमी ठीक. त्याहून जास्त फट असेल तर धूर आणि जोर बाजूला जातो, आणि अगदी घासत असेल तर काही गोळ्यांनंतर काजळीने सिलिंडर फिरेनासा होतो. शेवटी डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी मागे न ओढता, चाप वजनकाट्याने ओढून पाहा. तो साधारण ४.५ ते ५.५ किलोच्या आसपास असतो. फार जड वाटला तरी बाहेरच्या मिस्त्रीकडून स्प्रिंग कापून घेऊ नका. घोड्याचा ठोका कमजोर होतो आणि काडतूस फुटत नाही.

.३२ पिस्तूल

पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या अशनीसारखं पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली दिसत नाही, पण पहिल्या खरेदीला आम्ही ते सुचवणार नाही. ब्लोबॅक (गोळीच्या धक्क्यानेच वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाणारं) असल्यामुळे स्लाइडची स्प्रिंग कडक, मनगट सैल राहिलं की रिकामं काडतूस बाहेर पडताना अडकतं. त्याहून नेहमीचं दुखणं काडतुसाच्या बुडाच्या कडेचं. ही कड किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिनमध्ये (काडतुसं भरायच्या पेटीत) वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि नुसती स्लाइड ओढून ते सुटत नाहीत. भरताना प्रत्येक वरचं काडतूस खालच्याच्या पुढे आहे ना ते बघावं लागतं. दिवसा टेबलावर हे सोपं असतं.

रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ एकच नाही, हेही लक्षात असू द्या. रिव्हॉल्व्हरचं ७.६५×२३, पिस्तुलाचं ७.६५×१७. दुकानात नुसतं "बत्तीसचं द्या" म्हणू नका. पुण्याच्या खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर केएफ असा ठसा असतो, डबा आणि ठसा दोन्ही जुळवून घ्या.

किमतीचा हिशेब करताना रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे ते धरा. जुन्या किंमतपत्रकावर बोलणी करू नका, एकूण रक्कम लिहून मागा.

घरी आणल्यानंतर

रिव्हॉल्व्हर भिंतीला बोल्ट केलेल्या तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघरात किंवा कपाटावर ठेवायची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. ती जागा घरातल्या मुलांना सगळ्यात आधी माहीत असते. चामड्याच्या कव्हरात घालून ठेवू नका. चामडं पावसाळ्यात ओलावा धरतं आणि आठवडाभरात लोखंडावर तांबूस ठिपके येतात. सिलिका जेलची पुडी ठेवा आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी काढून पुसा. गोळ्या झाडल्यावर त्याच दिवशी पितळी ब्रश, मग कापडाच्या चिंध्या, मग तेलाचा पातळ हात. सिलिंडरच्या घरांत तेल साचू देऊ नका. ते काडतुसाच्या टोपीत झिरपून ते निकामी करतं.

संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. ती कलमं परवान्याच्या अर्जाआधी वाचा. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आता कायद्यात आहे.

निवडणूक जाहीर झाली की हत्यार पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो, आणि मग ते काही आठवडे मुद्देमालाच्या खोलीत राहतं. जमा करण्याआधी नळीत आणि बाहेरून तेलाचा जाड थर द्या, तेल लावलेल्या कापडात गुंडाळा, हत्याराचा क्रमांक पावतीवर आपल्या समोर लिहून घ्या. परत आणल्यावर पहिल्यांदा वापरण्याआधी नळीतलं सगळं तेल चिंधीने काढा आणि उजेडाकडे धरून ती मोकळी असल्याची खात्री करा.