आफ्रिकन हस्तकलेचा स्टॉल लावायचाय? कागदी मणी, रवांडाच्या टोपल्या की काझुरी

मंडळाच्या दिवाळी मेळ्यात नाहीतर ऑनलाइन छोटं दुकान काढून आफ्रिकेतल्या बायकांनी केलेल्या वस्तू विकायच्या आणि पैसा त्यांना आणि तिकडच्या अनाथ मुलांना जावा असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. वस्तू तिन्ही सुंदर आहेत, पण त्यामागचा हिशोब तिन्हींचा वेगळा आहे.

आधी युगांडाचे कागदी मणी. कंपालात अचोली क्वार्टर म्हणून वस्ती आहे, उत्तर युगांडातल्या युद्धातून पळून आलेली माणसं तिथे राहतात, बायका दगडाच्या खाणीत खडी फोडायच्या आणि त्यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे हे मणी. जुनी मासिकं, पोस्टर, कॅलेंडरं यांच्या लांब निमुळत्या पट्ट्या कापायच्या, बारीक काडीवर घट्ट गुंडाळायच्या, चिकटवायच्या, वॉर्निश लावून वाळवायच्या आणि ओवायच्या. २००४ मध्ये सुरू झालेल्या बीडफॉरलाइफ या संस्थेने हे मणी अमेरिकेत लोकांच्या घरी पार्ट्या करून विकले, आणि मला त्यांची सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे बाईने १८ महिने मणी करायचे, पैसे साठवायचे आणि मग स्वतःचा धंदा टाकून बाहेर पडायचं, जन्मभर मण्यांवर अवलंबून राहायचं नाही, असा त्यांचा नियम होता. स्टॉलसाठी हा माल सोपा, वजन नाही, फुटत नाही, किंमत कोणालाही परवडते. अडचण एवढीच की करणाऱ्या खूप झाल्यात, त्यामुळे व्यापारी भाव पाडून घेतात. स्वस्तातली माळ दिसली की कोणाच्या मजुरीतून स्वस्त झाली हे विचारा.

रवांडाची टोपली, अगासेके, म्हणजे टोकदार झाकणाची, तिथल्या राष्ट्रचिन्हातसुद्धा आहे. १९९४ च्या नरसंहारानंतर गावोगाव विधवा उरल्या, कितीतरी जणींचे नवरे मारले गेले आणि कितीतरी जणींचे मारल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेले, आणि या दोन्हीकडच्या बायका एकाच ठिकाणी बसून विणायला लागल्या. जॅनेट न्कुबाना आणि जॉय न्डुंगुत्से या बहिणींनी गहाया लिंक्स ही कंपनी काढून हे काम उभं केलं आणि २००५ पासून मेसीज या अमेरिकन दुकानांच्या साखळीत टोपल्या जायला लागल्या. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण तिथे दुकानदाराने दया म्हणून घेतलं नाही, माल चांगला म्हणून परत परत ऑर्डर दिली. गवताच्या गाभ्यावर रंगवलेला सिसलचा, म्हणजे घायपाताचा, धागा टाक्याटाक्याने गुंडाळत जायचं, एका टोपलीला कित्येक दिवस जातात, त्यामुळे किंमत जास्त पडते आणि 'एवढ्याशा टोपलीला एवढे पैसे?' हे तुम्हाला ऐकावं लागणारच, समजावून सांगायची तयारी ठेवा. शिवाय जागा खूप खाते, कुरिअरवाले वजनापेक्षा खोक्याच्या आकाराचे पैसे लावतात, आणि मुंबई-कोकणच्या पावसात नीट ठेवली नाही तर बुरशी धरते.

केनियाचे काझुरी म्हणजे नैरोबीच्या कॅरन भागात मातीचे भाजलेले, हाताने रंगवलेले मणी. १९७५ मध्ये सुझन वूड यांनी दोन एकट्या आयांना घेऊन सुरू केलं, आता शेकडो बायका आहेत, बहुतेक एकट्याने मुलं वाढवणाऱ्या, आणि त्यांना नेमाने पगार मिळतो. माल जड आहे आणि आपटला तर फुटतो, बाकी तक्रार नाही.

आता अनाथ मुलांचं. 'या खरेदीतला काही हिस्सा अनाथाश्रमाला' अशी चिठ्ठी आणि शेजारी मुलाचा फोटो दिसला की आपला हात लगेच पाकिटाकडे जातो, पण युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक गेला तरी मूल अनाथ धरतात आणि अशा बहुतेकांचं एक पालक हयात असतं. एड्सच्या साथीत आईबाप गेलेली मुलंसुद्धा जास्त करून आजी, मावशी, आत्या यांनीच सांभाळली. रवांडा सरकारने तर २०१२ मध्ये अनाथाश्रम बंद करून मुलांना कुटुंबात पाठवायचं धोरण आणलं. म्हणून मी म्हणेन देणगीवाल्या मालापेक्षा जिथे बाईला पुरेशी मजुरी मिळते तो माल घ्या, कारण मूल तिच्याच घरात जेवतंय. फोटो स्टॉलवर लावू नका, त्या लेकरांना कोणी विचारलेलं नसतं.

पुरवठादाराला दोनच गोष्टी विचारा, एका नगामागे बाईच्या हातात किती पडतात आणि आगाऊ देता का. जागतिक फेअर ट्रेड (करणाऱ्याला रास्त मोबदला देणारा व्यापार) संघटनेच्या तत्त्वांत हस्तकलेसाठी मागितल्यास निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असं आहे, तर तुम्हीही ती द्यायची तयारी ठेवा, नाहीतर सिसल आणायला तिला कर्ज काढावं लागतं.

पहिल्याच वर्षी असाल तर कागदी मणी जास्त आणि टोपल्या मोजक्या घ्या, दरवर्षी करायचं ठरलं असेल तर सरळ टोपल्यांवर या आणि एकाच गटाकडून घेत राहा. दिवाळीचा माल हवा तर ऑर्डर जूनमध्येच द्या, घाई केली की रात्री जागून विणावं लागतं ते त्यांनाच.