गटाचं पशुखाद्य: भरडा ठेवावा की गोळी पाडावी?

नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर, येवला, चांदवड पट्ट्यात मका दारात असतो. सरकी पेंड, सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) आणि तूर चुनी (तुरीच्या डाळीचा चुरा) बाजारात मिळते. त्यामुळे आठ-दहा गोठ्यांचा गट स्वतःचं खाद्य बनवायला निघाला की कच्च्या मालावर फारसं अडत नाही, अडतं ते मशीनवर. हॅमर मिल (हातोड्यांनी धान्य फोडणारी चक्की) लावून भरड्यावर थांबायचं, की पुढे पैसे घालून तोच भरडा दाबून गोळी पाडायची?

रेशन दोन्हीकडे एकच. 100 किलोला मका 32, सरकी पेंड 22, सोयाबीन डीओसी 20, गव्हाचा भुसा (पिठाच्या गिरणीतला कोंडा) 13, तूर चुनी 10, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. यात प्रथिनं कागदावर 20 टक्क्यांच्या आसपास बसतात. आयएस 2052 या पशुखाद्याच्या भारतीय मानकातल्या टाइप-2 खाद्याची अट तेवढीच आहे. इगतपुरी, त्र्यंबककडे भुशाऐवजी भाताचा कोंडा स्वस्त पडतो, पण ताजा कोंडा तेलकट असतो आणि लवकर खवट होतो, तेव्हा पंधरा दिवसांत संपेल एवढाच आणावा.

गोळीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. जनावर निवडून खाऊ शकत नाही, धुरळा उडत नाही, गव्हाणीबाहेर सांडत नाही आणि खनिज मिश्रण पोत्याच्या तळाशी बसत नाही. गटाबाहेर विकायचं असेल तर गिऱ्हाईक गोळीच मागतं, हेही खरं.

आता लहान मशीनचं दुखणं. मोठ्या कारखान्यात भरड्याला आधी बॉयलरची वाफ देतात, तिने स्टार्च चिकट होतो आणि गोळी घट्ट बसते. दहा-पंधरा एचपीच्या सपाट डायच्या (भोकं पाडलेली जाड तबकडी, जिच्यातून रोलर माल दाबतो) मशीनला वाफ नसते. रोलर आणि डायच्या घर्षणातून येईल तेवढीच उष्णता. भरडा जास्त कोरडा असला तर गोळीचा चुरा होतो, ओला असला तर डाय तुंबते. मधली रेघ 14 ते 16 टक्के ओलाव्याची, आणि ती हाताने पाणी शिंपडून साधायची.

तेही सवयीने जमतं. जमत नाही ते लाइटचं. चालू कामात लाइट गेली की डायच्या प्रत्येक भोकात गरम माल अडकतो आणि थंड होताना दगडासारखा घट्ट होतो. लाइट आल्यावर मोटर ओढत नाही, बेल्ट घसरतो, कधी शिअर पिन (जादा ताण आला की आधी तुटणारी पिन) तुटते. मग डाय खोलून एकेक भोक पंचने किंवा ड्रिलने मोकळं करत बसायचं. भोकं शेकड्यांनी असतात, आणि ड्रिल वाकडा गेला की आतली गुळगुळीत बाजू ओरखडते, पुढे तिथेच माल पुन्हा अडकतो. यावर उपाय आहे: बंद करण्याआधी तेलात कालवलेला पाच-सात किलो भुसा मशीनमधून काढायचा, म्हणजे भोकांत तेलकट माल राहतो आणि पुढच्या वेळी सहज निघतो. पण लाइट सांगून जात नाही! आमच्या गटात मशीनचा विचार इथेच मागे पडला. औद्योगिक वसाहतीजवळ ज्यांची थ्री फेज टिकते, त्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

दुसरी कटकट पावसाळ्याची. गोळी डायमधून हाताला चटका बसेल इतकी गरम निघते. तशीच पोत्यात भरली तर आत वाफ धरते आणि चार दिवसांत पांढरी बुरशी दिसते. ती ताडपत्रीवर पसरून पूर्ण निवू द्यावी लागते, आणि त्यासाठी कोरडी, मोकळी जागा हवी.

भरड्याचे दोषही झाकायला नकोत. तो वाईट मिसळला तर गोळीपेक्षा वाईट. तीन-चार मिलिमीटरची जाळी लावा. त्याहून बारीक पीठ झालं की जनावर फुंकून उडवतं. खनिज मिश्रण आणि मीठ आधी दहा किलो भुशात कालवा, मग ते ढिगावर पसरून फावड्याने तीनदा उलथवा. धुरळा बसवायला साखर कारखान्याची पातळ मळी (मोलॅसिस) उत्तम, पण तिच्या साठ्याला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते. दुय्यम प्रतीच्या गुळाचं पाणी शिंपडलं तरी भागतं, मात्र तो माल आठवड्यात संपवावा. युरिया फावड्याने मिसळून कधीच घालू नये. त्याचे खडे एकाच जनावराच्या तोंडी गेले तर विषबाधा होऊ शकते.

मक्याचा ओलावा दोन्हीकडे तितकाच मारतो. दिवाळीच्या सुमारास येणारा मका बरेचदा 20 टक्क्यांच्या वर ओला असतो, तो 12-13 वर आणल्याशिवाय साठवू नये. नाहीतर अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) धरतं आणि दुधात उतरतं. ओलाव्याचं मीटर नसेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे. भरड्यात असा बुरशीने काळा पडलेला दाणा निदान टुकडा म्हणून नजरेस पडतो, वास येतो. गोळीत तो दळून दाबून गेला की शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. खाद्य आपल्याच गोठ्यात जाणार असेल तर मला ही बाब मोठी वाटते.

खर्चाच्या अंगाने एवढंच: गोळीला हॅमर मिल तरीही लागतेच. त्यामुळे एक हंगाम भरड्यावर काढून पाहायला काही बुडत नाही. गायीला दुधाच्या लिटरमागे 400 ग्रॅम आणि म्हशीला 500 ग्रॅम, वर शरीरपोषणासाठी रोजचं दीड किलो, या मापाने द्यायचं. त्यात भरडा आहे की गोळी यावरून दुधात ठळक फरक आम्हाला तरी दिसला नाही.

आणि गोळीच ठरली, तर मशीनसोबत जास्तीची डाय आणि रोलरचा एक जोड त्याच वेळी भावात बसवून घ्या. कोंड्यातल्या रेतीने डाय झिजते, आणि नंतर त्याच भोकांच्या मापाची सुटी डाय मिळवताना मशीनवालाच फोन उचलत नाही.