खुडूक कोंबडी की इन्क्युबेटर?

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली गावरान कोंबडी हाताशी असेल आणि अंडी दहा-बाराच असतील, तर उबवणीचे मशीन (इन्क्युबेटर) घेऊ नका. ऊब देणे, ओलावा राखणे, अंडी फिरवणे हे सगळे २१ दिवस तीच करते आणि पिल्ले निघाली की पंखाखाली घेते. तुम्ही बसवण्याआधी तिच्या पिसांत उवा आहेत का ते बघा. उवांनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यातच उठते. अंडी रात्री अंधारात खाली सरकवा आणि त्यांवर पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या कोंबड्या त्याच जागी अंडी घालत राहिल्या, तर मागाहून आलेली अंडी ओळखून काढता येतात.

मात्र तुम्हाला हवे तेव्हा कोंबडी खुडूक बसत नाही. वनराजा, गिरिराज या सुधारित जाती तर सहसा बसतच नाहीत. शिवाय खुडूक असताना आणि पिल्ले सांभाळत असताना तिची अंडी बंद असतात, हेही हिशोबात धरायला हवे.

वीस-तीस अंडी ठरल्या तारखेला लावायची असतील, तर मशीनच हवे, आणि तेही पंख्याचे. पंखा असला की आत सगळीकडे ३७.५ अंश सेल्सिअस राहते. बिनपंख्याच्या थर्माकोल पेटीत गरम हवा वर साचते, म्हणून अंड्यांच्या वरच्या कडेशी सुमारे ३८.५ अंश ठेवावे लागतात. तिथे थर्मामीटर तळाशी पडून राहिला तर आकडा कमी दिसतो, आपण ऊब वाढवतो आणि आतला जीव मरतो. थोडा वेळ थंड झालेली अंडी बहुधा वाचतात, पण ४० अंशांवर गेलेली क्वचितच. त्यामुळे तासभर वीज गेली तर झाकण न उघडता वर गोधडी टाका. रोज चार-पाच तास भारनियमन असेल, तर इन्व्हर्टरशिवाय मशीनच्या वाटेला जाऊ नका.

आर्द्रता १८ दिवस ४५ ते ५५ टक्के लागते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. कोकणात पावसाळ्यात सुरुवातीला पाण्याची वाटी बहुतेक भरावी लागत नाही; ओलावा जास्त झाला तर अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू आत गुदमरते. विदर्भातल्या मे महिन्यात उलटा त्रास असतो. साधे मशीन तापवते, थंड करत नाही, त्यामुळे खोलीच ४० अंशांवर गेली तर उपाय उरत नाही. मशीन घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा.

फ्रीजमधली किंवा आठवड्याहून जुनी अंडी दोन्हीकडे टाळा. मशीनमध्ये दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवा, सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून रिकामी, म्हणजे जीव न धरलेली काढा, अठराव्या दिवशी फिरवणे थांबवा. टोचा, म्हणजे पिल्लाने आतून कवचाला पाडलेले भोक, दिसू लागल्यावर झाकण उघडायचा मोह आवरा. कोरडी हवा शिरली की पापुद्रा पिल्लाला चिकटतो आणि ते बाहेरच येत नाही.

मशीनचा खरा खर्च तिथून पुढे सुरू होतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचे. म्हणजे बल्ब आणि वीज आणखी महिनाभर. याच दरम्यान एखादी खुडूक उबवणी संपवत असेल, तर मशीनची एक दिवसाची पिल्ले रात्री हळूच तिच्याखाली सरकवा आणि सकाळी उजाडताच कोंबडी त्यांना टोचत नाही ना ते पाहा.