व्हिएतनाम ट्रिप, विश्रामबागच्या ट्रॅव्हल ऑफिसातनं

आमची पहिलीच परदेश ट्रिप, आई-पप्पा धरून पाच जण, आणि दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम असं घरात पक्कं झालेलं. सांगलीत विश्रामबागला एक छोटं ऑफिस आहे, तिथल्या ताईंनी ॲडव्हान्स घ्यायच्या आधी नकाशा उघडला आणि म्हणाल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला दा नांग, होई आन ह्या मधल्या पट्ट्यात धो धो पाऊस असतो, होई आनच्या जुन्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं, मार्चमध्ये जावा. २०१९ चा पूर बघितलेल्या माणसाला अजून काय सांगायचं, लगेच तारीख बदलली.

ई-व्हिसा २५ डॉलरचा, सरकारी साइटवर आपला आपण भरता येतो हेही त्यांनीच सांगितलं. आईच्या पासपोर्टला सहा महिने शिल्लक नव्हते, तो आधी रिन्यू करायला लावला.

सगळ्यात उपयोगी पडलं ते खाण्याचं. आई पूर्ण शाकाहारी, आणि तिकडं नुसत्या भाजीतपण माशाचा सॉस असतो. ताईंनी कागदावर लिहून दिलं, 'चाय' पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा, त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. आई आठ दिवस पोटभर जेवली, मला ह्याचंच जास्त समाधान.

एकच खटकलं, सांगली ते मुंबई एअरपोर्ट गाडी पॅकेजमध्ये नव्हती आणि हे शेवटच्या आठवड्यात कळलं. बुकिंग करताना एवढं आधी विचारून घ्या. पुढच्या वर्षी बालीचं पण इथंच बघणार.