घरभाड्याचं रिटर्न: अशोक स्तंभाजवळच्या कर सल्लागाराचा अनुभव

नाशिकच्या इंदिरानगरचा आमचा फ्लॅट 12 हजारांनी भाड्याने दिलाय. मागच्या वर्षी दुसऱ्या एका कर सल्लागाराने वर्षाचं 1 लाख 44 हजार भाडं सरळ माझ्या पेन्शनमध्ये मिळवून टाकलं होतं. यंदा अशोक स्तंभाजवळच्या या सल्लागार मॅडमनी आधी घरपट्टीची पावती मागितली. बिलाची नाही, भरल्याची! 31 मार्चच्या आत आपण स्वतः भरलेली घरपट्टीच वजा होते, हे त्यांनी पावतीवरच्या तारखेवर बोट ठेवून समजावलं. माझे 4 हजार वजा झाले, उरलेल्या 1 लाख 40 हजारांवर 30 टक्के सरसकट वजावट, म्हणजे 42 हजार. पेन्शनमध्ये मिळवायला राहिले 98 हजार. दुरुस्तीची बिलं लागत नाहीत आणि नव्या कर प्रणालीतही हे चालतं.

आमचा भाडेकरू अंबडला कामाला आहे, पगारात घरभाडे भत्ता नाही. त्यालाही पाठवलं. त्याला भरलेल्या भाड्यासाठी आयकर कायद्याच्या 80 जीजी कलमाखाली महिन्याला जास्तीत जास्त 5 हजारांची वजावट बसते, पण फक्त जुन्या प्रणालीत, आणि 10 बीए फॉर्म भरावा लागतो. जुन्या-नव्या दोन्ही प्रणालींचे हिशेब मांडून दाखवले पोराला.

जुलैत मात्र तासभर ताटकळावं लागलं, जिना चढून गुडघे दुखले. तरी पुढच्या वर्षी इथेच जाणार.